खुराचा घसारा कोणी सोसायचा?

घराच्या उंबरठ्यावर ठोकलेला घोड्याचा नाल आपल्याकडे शुभ मानला जातो. साडेसाती सुरू झाली की काळ्या घोड्याच्या नालाची अंगठी बोटात घालणाऱ्यांत पदवीधरांचीही संख्या कमी नसते. माणसाचे दैव पालटविण्याची शक्ती ज्या लोखंडात आहे असे आपण मानतो, ते लोखंड मुळात ज्याच्या पायात ठोकले जाते त्या मुक्या जनावराचे त्याने कल्याण होते की अकल्याण, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. पाश्चात्त्य देशांत गेली तीन-चार दशके या प्रश्नावर अश्वपालक, नालबंद आणि पशुवैद्य यांच्यात मोठा वाद चालू आहे. घोड्याच्या पायात नाल मुळीच नको, त्याला अनवाणीच चालू द्यावे आणि त्याच्या खुराची केवळ नियमित तासणी करावी, असे सांगणारा एक पक्ष तेथे उभा राहिला आहे. हा वाद परदेशी हौशी लोकांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. आपल्या राज्यात माथेरानच्या लाल रस्त्यांवर हाच प्रश्न वेगळ्या वेषात येऊन उभा आहे आणि तेथे तो हौसेचा नसून पोटाचा आहे.

माथेरानमध्ये मोटारीला बंदी आहे. केंद्र सरकारने २००३ साली हा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. गावात येणे-जाणे व्हायचे ते पायी, घोड्यावरून, माणसाने ओढलेल्या रिक्षातून किंवा छोट्या आगगाडीने. सुमारे ४६० परवानाधारक घोड्यांवर तेथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तांबड्या मातीची धूप थांबावी म्हणून रस्त्यांवर भाजलेल्या मातीचे ठोकळे, म्हणजे पेव्हर ब्लॉक, बसविण्याचे काम सुरू झाले, तेव्हा या ठोकळ्यांवरून घोडे घसरतात अशी तक्रार घोडेवाल्यांनी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२३ मध्ये या कामाला स्थगिती मिळाली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षांची अमानुष प्रथा सहा महिन्यांत बंद करून तिच्या जागी विजेवर चालणाऱ्या रिक्षा आणाव्यात असा आदेश दिला. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ठोकळ्यांना मुभा मिळाली. गावातील आतल्या रस्त्यांवर मात्र ते बसवू नयेत असे ठरले.

या सर्व वादात धूप, पर्यटन, रोजगार, माणसाची प्रतिष्ठा या सर्व बाजूंचा विचार झाला आणि तो व्हावयासच हवा होता. परंतु ज्याच्या घसरण्यावरून तक्रार सुरू झाली, त्या पायाची रचना काय, त्याला जमीन कशी लागते आणि त्याची निगा कोण व कशी राखतो, याची चर्चा फारशी झाली नाही. ती का व्हावयास हवी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाढ आणि झीज

घोड्याचा खूर म्हणजे त्याच्या मधल्या बोटाचे नख. लक्षावधी वर्षांच्या उत्क्रांतीत बाकीची बोटे मागे पडत गेली आणि सारा देह एकेका बोटाच्या टोकावर येऊन उभा राहिला. त्यातही साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या दोन पायांवर येते. वरून दगडासारखा दिसणारा खूर आतून जिवंत असतो. बाहेरची शिंगासारखी कठीण भिंत, खालचा किंचित खोलगट तळ, आणि तळाच्या मागील भागात असलेली त्रिकोणी, रबरासारखी लवचीक गादी, असे त्याचे तीन मुख्य भाग आहेत. भिंतीच्या आत एक हाड असते आणि ते हाड व ती भिंत एकमेकांत गुंतलेल्या असंख्य नाजूक पापुद्र्यांनी जोडलेली असतात. घोड्याचे सारे वजन या पापुद्र्यांच्या आधाराने लोंबकळत असते, असे म्हटले तरी चालेल. पाऊल जमिनीवर टेकले की टाचेकडचा भाग किंचित रुंदावतो, मागची गादी धक्का झेलते, आणि पाऊल उचलले की खूर पुन्हा मूळ आकारात येतो. या उघडमिटीने हिसका तर शोषला जातोच, शिवाय पायातील रक्त वर परतण्यासही मदत होते.

ही भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. म्हणजे पुढच्या बाजूचा खूर वरपासून खालपर्यंत पूर्णपणे नवा होण्यास नऊ महिने ते एक वर्ष लागते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे घसाऱ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. यंत्र झिजते, त्या झिजेची तरतूद म्हणून कारखानदार दरवर्षी काही रक्कम बाजूला काढतो. खूर हे असे भांडवल आहे की जे आपला घसारा आपणच भरून काढते. अट एकच, वाढ आणि झीज यांचे प्रमाण जुळले पाहिजे. झीज वाढीहून अधिक झाली तर तळ उघडा पडून घोडा लंगडतो. वाढ झिजेहून अधिक झाली तर पुढचा भाग लांबतो, टाचा आत दबतात, सांध्यांवर आणि स्नायुबंधांवर ताण येतो आणि घोडा लंगडतोच. मोकळ्या रानात रोज मैलोगणती हिंडणाऱ्या घोड्याच्या बाबतीत हा ताळा निसर्ग जमवितो. अमेरिकेतील जेमी जॅक्सन या नालबंदाने १९८० च्या दशकात तेथील कोरड्या, खडकाळ प्रदेशातील रानघोड्यांचे खूर पाहिले. ते त्याला आखूड, कणखर आणि कडेने गोलसर झिजलेले आढळले. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकापासून अनवाणी चळवळीला मोठी चालना मिळाली.

कल्पना मात्र फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफोन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. खिळ्यांनी ठोकलेला नाल त्या काळी ग्रीकांना माहीत नव्हता. घोड्याचे पाय टणक व्हावेत म्हणून तबेल्यापुढील अंगणात मुठीएवढे गोल गोटे पसरावेत आणि घोड्याला त्यांवर उभे करावे, असा सल्ला झेनोफोनने दिला आहे. ‘घोडा का अडला’ या आपल्याकडील जुन्या कोड्याचे ‘न फिरविल्याने’ हे उत्तरही खुराच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. ओल्या, घाण तबेल्यात दिवसच्या दिवस बांधून ठेवलेल्या घोड्याचा खूर वाढतो, मऊ पडतो आणि मधल्या गादीच्या खाचांत कुजू लागतो.

लोखंड का आले?

मग नाल आला कशासाठी? याचे उत्तर घोड्याच्या शरीरात नाही, माणसाच्या गरजेत आहे. ओझे वाढले, मजला लांबल्या, वाटा दगडी झाल्या, तेव्हा झीज वाढीच्या पुढे गेली आणि माणसाने मध्ये लोखंड घातले. युरोपात खिळ्यांचा नाल नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. आपल्याकडे घोडदळाच्या बळावर ज्यांनी राज्य चालविले त्या मराठ्यांच्या दप्तरांत ‘नालबंदी’ हा शब्द आढळतो. मोहिमेपूर्वी शिलेदाराला घोडा सज्ज ठेवण्यासाठी जी आगाऊ रक्कम मिळे, तिला हे नाव होते. घोड्याच्या खर्चाची सारी तरतूद त्याच्या पायाच्या नावाने ओळखली जावी, यात त्या काळाचे व्यवहारज्ञान दिसून येते. मोहीम सरकारची, तेव्हा घोड्याच्या पायाचा खर्च काही अंशी तरी सरकारने आधी उचलला पाहिजे, हे तत्त्व त्या व्यवस्थेत गृहीत होते. ते तत्त्व पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

नालाने झीज थांबते, पण वाढ थांबत नाही. त्यामुळे नाल ठोकलेल्या घोड्याचा खूर दर सहा-आठ आठवड्यांनी उघडून, तासून, नाल पुन्हा बसवावाच लागतो. नाल झिजला नाही म्हणून तो तीन-तीन महिने तसाच ठेवण्यात मालकाला बचत वाटते. प्रत्यक्षात ती बचत घोड्याच्या सांध्यांतून वसूल होत असते. शिवाय नाल कडक असल्याने टाचेची नैसर्गिक उघडमिट आवळली जाते, असा आक्षेप ब्रेसी क्लार्क या इंग्रज पशुवैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच घेतला होता. खिळा चुकून आतल्या जिवंत भागाजवळ गेला तर पू होतो. गुळगुळीत लोखंड कठीण आणि सपाट पृष्ठभागावर पकड धरीत नाही. अनवाणी पक्षाचे हे सारे मुद्दे निराधार नाहीत.

मात्र या पक्षाच्या उत्साहालाही मर्यादा घातली पाहिजे. घोड्याला अनवाणी ठेवणे म्हणजे नाल उपटून त्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. ज्याला तासणी म्हणतात ती नाल ठोकण्याइतकीच कसबाची गोष्ट आहे. भिंतीची कड आखूड करून गोलसर घासायची, पुढचा भाग लांबू द्यायचा नाही, टाचा दोन्ही बाजूंनी सारख्या ठेवायच्या, खुराचा पुढचा उतार आणि त्यावरील हाडांचा उतार एका रेषेत आणायचा. हे सर्व करताना तळाला मात्र हात लावायचा नाही. कारण तळ हेच त्या घोड्याचे पायताण. मधल्या गादीचे लोंबणारे, कुजलेले तुकडे तेवढे काढायचे. सुरी जपून आणि कानस सावकाश चालविणारा माणूस त्यासाठी लागतो. वर्षानुवर्षे नाल वापरलेल्या घोड्याचा नाल काढला तर त्याचे पाय काही आठवडे, कधी काही महिने हुळहुळे राहतात. धान्य किंवा गूळ यांचा अतिरेक झाला तर आतील पापुद्र्यांना सूज येऊन घोडा कायमचा अपंग होऊ शकतो; तेथे नाल असो वा नसो, दोष चाऱ्याचा असतो. सर्व घोड्यांना नाल हवाच, हे म्हणणे जसे अडाणीपणाचे, तसेच कोणत्याही घोड्याला नाल नकोच, हे म्हणणे एकांगीपणाचे होय. घोडा कोणता, काम किती, जमीन कोणती, ऋतू कोणता आणि निगा राखणारा कोण, या पाच गोष्टी पाहूनच निर्णय झाला पाहिजे.

गरिबाचे खेळते भांडवल

येथवरचा विचार पशुवैद्यकाचा झाला. पुढचा विचार अर्थशास्त्राचा आहे. परदेशातील शौकीन मालक आपल्या घोड्याला तीन महिने कुरणात मोकळा सोडू शकतो, त्याच्या पायाला रबरी बूट आणू शकतो आणि दर सहा आठवड्यांनी जाणकार माणसाला बोलावू शकतो. माथेरानच्या घोडेवाल्याचे घोडा हेच भांडवल आणि रोजची कमाई हेच खेळते भांडवल. सुट्यांचा हंगाम तोंडावर असताना आठ आठवडे घोडा बसवून ठेवा, वर्षभराने त्याचा खूर सुधारेल, असे त्याला सांगणे म्हणजे वर्षभराने पीक चांगले येईल म्हणून आज बी खाऊ नका, असे उपाशी माणसाला सांगण्यासारखे आहे. सल्ला शास्त्रशुद्ध असेल, पण तो पाळण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही. घोडा लंगडत असतानाही त्याच्यावर गिऱ्हाईक बसविणारा मालक आपल्याला निर्दय वाटतो. त्यातले काही निर्दय असतीलही. परंतु बहुतेकांच्या बाबतीत आजचा उपवास टाळण्यासाठी उद्याचे भांडवल खाण्याची ती पाळी असते. शेतकऱ्याच्या, विणकराच्या बाबतीत ही गोष्ट आपण समजून घेतो. घोडेवाल्याच्या बाबतीत ती समजून घेण्यास हरकत नसावी.

दुसरी गोष्ट कसबी माणसाची. नालबंद हा आपल्याकडे बहुधा बापापाशी शिकून तयार होतो. त्याच्या हातात पिढ्यांचे कसब असते, पण जुन्या चुकाही त्याच वाटेने पुढे येतात. इंग्लंडमध्ये १९७५ च्या कायद्याने नोंदणीकृत नालबंदाखेरीज इतरांस घोड्याला नाल ठोकण्यास मनाई झाली. गंमत अशी की, नाल न ठोकता केवळ खूर तासणारा माणूस त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. त्यामुळे अनवाणी चळवळ वाढली तसे तेथे अर्धवट शिकलेले तासणारेही वाढल्याची तक्रार होऊ लागली. आपण त्यापासून धडा घेतला पाहिजे.

व्यवसायच संकुचित होत चालला तर कसब टिकणे आणखी कठीण होते. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३.४ लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट! मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरविणारा उच्च न्यायालयाचा निर्णय २०१५ मध्ये आला. जनावरांची संख्या घटली की नालबंदाची गिऱ्हाइके घटतात, त्याचा मुलगा दुसरा धंदा पाहतो आणि उरलेल्या घोड्यांच्या पायांना जाणता हात मिळेनासा होतो.

रस्त्याचा हिशेब

आता ठोकळ्यांकडे वळू. तांबडी माती पावसात वाहून जाते, दरवर्षी ती पुन्हा टाकावी लागते, चिखलात वृद्ध आणि आजारी माणसांचे हाल होतात. ठोकळे बसविले की नगरपालिकेचा दुरुस्तीचा खर्च कमी होतो आणि चाकाची गाडी सुरळीत चालते. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच रस्त्यावर लोखंडी नालाचा पाय घसरला, घोडा पडला, स्वार जखमी झाला, तर तो खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दिसत नाही. कठीण पृष्ठभागाचा रोजचा हिसका सांध्यांत साठत जातो, तोही कोठे नोंदला जात नाही. एकाच्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर पडावा आणि निर्णय घेणाऱ्याच्या जमाखर्चात तो दिसू नये, याला अर्थशास्त्रात बाह्य परिणाम म्हणतात. वहीत न लिहिलेला खर्च नाहीसा होत नाही. ज्याच्यापाशी वहीच नाही त्याच्या माथी तो बसतो. येथे तो प्रथम घोड्याच्या आणि मग घोडेवाल्याच्या माथी बसतो.

नाल काढून टाकला की प्रश्न सुटला, असेही नाही. उघड्या खुराची पकड लोखंडापेक्षा चांगली असते हे खरे. पण माथेरानची खडीमिश्रित जांभी जमीन खुराला कानशीसारखी घासते, आणि पाठीवर स्वार घेऊन दिवसभर खेपा करणाऱ्या घोड्याची झीज रानघोड्याच्या हिशेबाने मोजता येत नाही. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी म्हणून नाल काढण्यास तो काळ सोयीचा वाटतो, तर नेमका त्याच वेळी सततच्या ओलीने खूर मऊ पडलेला असतो. पाऊस सरल्यावर काढावा, तर दिवाळीचा हंगाम दाराशी येतो. असा हा पेच आहे, आणि तो एकेकट्या मालकाने आपल्या जबाबदारीवर सोडवावा ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून काही गोष्टी सार्वजनिक पातळीवर व्हावयास हव्यात. पहिली, ज्या मुख्य रस्त्यावर ठोकळ्यांना मुभा मिळाली आहे, त्याच्या कडेने जेथे जागा असेल तेथे घोड्यांसाठी मातीची स्वतंत्र पट्टी राखावी, आणि जेथे जागा नसेल तेथे ठोकळ्यांचा पृष्ठभाग खडबडीत असावा. रस्ता पुरा करून मग घोड्यांचा विचार करणे म्हणजे वरातीमागून घोडे. दुसरी, मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून परळला उभे आहे. सैन्याच्या पशुवैद्यक दलाचे मीरत येथील केंद्र नालबंदांना प्रशिक्षण देते. हे ज्ञान माथेरानच्या पायथ्याशी आणता येणार नाही इतके अंतर मध्ये नाही. परंपरेने काम करणाऱ्या नालबंदांनाच विद्यावेतन देऊन तासणीचे आणि खुराच्या रोगांचे अल्पमुदतीचे शिक्षण द्यावे. त्यांचे कसब मोडून नवे पदवीधर आणण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट प्रयोगाची. काही मालकांनी स्वेच्छेने आपले घोडे द्यावेत. काहींचे फक्त मागचे पाय, काहींचे चारही पाय वर्षभर अनवाणी ठेवून पशुवैद्यांच्या देखरेखीखाली नोंदी कराव्यात; घसरणे, लंगडणे, कामाचे दिवस आणि खर्च, सर्वांच्या. नाल असलेल्या घोड्यांशी त्यांची तुलना करावी. ज्या दिवशी घोडा बसून राहील त्या दिवसाची भरपाई मालकाला मिळावी. पैसा कोठून आणायचा, असे कोणी विचारील. माथेरानला येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाकडून कर घेतला जातो. घोड्याच्या टापा ऐकण्यासाठी जो येतो, त्याच्या करातील थोडा वाटा टापांसाठी खर्च झाला तर तो तक्रार करणार नाही. चौथी गोष्ट, परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी घोड्याच्या खुरांची तपासणी व्हावी. पण ही सक्ती प्रशिक्षित नालबंद आणि भरपाई यांची सोय झाल्यानंतरच यावी. सोय आधी आणि दंड मागून, हा क्रम उलटला की सुधारणेचा छळ होतो.

विजेच्या रिक्षा आल्यावर घोड्यांची गरजच उरणार नाही, मग हा खटाटोप कशाला, असा युक्तिवाद होऊ शकेल. माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा संपणे योग्यच होते. परंतु घोड्याचे काम कमी झाले म्हणून आज असलेल्या घोड्यांचे पाय वाढायचे थांबणार नाहीत. उलट कमाई घटलेला मालक पहिली काटकसर करतो ती नालबंदाच्या फेरीत. धंद्याला उतरती कळा लागली असतानाच जनावरांच्या रक्षणाची अधिक गरज असते, कारण त्या काळात त्यांच्या वाट्याचे सर्वांत आधी कापले जाते.

शिलेदाराला मोहिमेपूर्वी नालबंदी देणाऱ्या राज्यकर्त्यांना खुराचे शरीरशास्त्र आजच्याइतके ठाऊक नव्हते. पण ज्याच्या पाठीवर आपण स्वार होणार, त्याच्या पायाचा खर्च आधी बाजूला काढला पाहिजे, एवढे त्यांना कळत होते. माथेरानच्या नगरपालिकेने आणि राज्य शासनाने पुढील हंगामाचे अंदाजपत्रक मांडताना त्यात एक ओळ वाढवावी. रक्कम लहान असेल, पण खुराचा घसारा कोणी सोसायचा, या प्रश्नाला त्या ओळीने पहिल्यांदाच लेखी उत्तर मिळेल.